भाजलेली माती

लष्करी दवाखान्यात चार वर्षं नोकरी केलेल्या आकारामला एक सवय लागली होती: जे वापरायचं ते आधी उकळायचं, नाहीतर भाजायचं. १९४६ साली कडेगावला परतल्यावर त्यानं लिंबाच्या बिया लावल्या, त्याही घमेल्यात माती खरपूस भाजून.

बिया साध्या नव्हत्या. तो ब्रह्मदेशात असताना त्याची बायको बनुबाई तापानं गेली. तिनं लहानपणी माहेरी, लोणंदला लावलेली लिंबोणी आता वठत होती. सासूनं, अंबूबाईनं, त्यातली शेवटची चार लिंबं कुणाच्या तरी हाती धाडली. तो स्वतः गेला नाही. काय तोंड दाखवायचं?

तीन रोपं उगवली, दोन गेली. उरलेलं आठ महिने वीतभरच, पिवळं. तेही गेलं की बनुबाईचं झाड संपलं.

शेवटी त्यानं शेजारच्या शांतिनाथ गुरुजींना बोलावलं.

"शेणखत दिलं, पाणी दिलं. आणि काय पायजे ह्याला?"

"माती भाजलीस?" गुरुजी हसले. "अरे, हा लिंबोणीचा दवाखाना नव्हे!"

त्यांनी आपल्या पेरूखालचं एक बारीक मूळ आणून भिंगाखाली धरलं. त्याला कोळ्याच्या जाळ्याहून बारीक धागे चिकटले होते.

"ही बुरशी. मूळ तिला साखर देतं, ती लांबून खत ओढून आणते. माझा तर्क असा, की भुकेलं मूळ मातीत काहीतरी रस सोडतं. तो लागला की बुरशी तिकडं वळते. मी त्याला हाक म्हणतो."

"म्हंजे ह्ये आठ म्हैनं हाक मारतंय?"

"मारतंय. ऐकायला तू कुणी ठेवलं नाहीस."

आकारामनं रोपाच्या पिवळ्या पानावरून बोट फिरवलं.

"कुठल्याही लिंबोणीखालची ओंजळभर माती घाल," गुरुजी म्हणाले.

लिंबोण्या गावात होत्या. आकाराम लोणंदला गेला.

"वाट सापडली व्हय जावईबापू?" अंबूबाई दारातूनच म्हणाली. "आन् ती बी मातीसाठी?"

"व्हय मामी."

खुरपं घेऊन तिनं स्वतःच माती उकरली. फडक्यात बांधताना म्हणाली, "शेवटाला तुमच्याच नावानं हाका मारत हुती."

फडकं पोटाशी धरून तो परतला.

अडीच महिन्यांनी रोपाला हिरवंगार पान फुटलं. आकारामनं कार्ड घेतलं. 'मामी, पान फुटलं,' एवढं लिहिलं. मग खाली लिहिलं, 'हितं बोलायला कुणी न्हाई.' खोडावंसं वाटलं, पण खोडलं नाही.