चित्रकलेसमोरची खूण

शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांचे विषय निवडायचा फॉर्म धाकटीच्या दप्तरात चार दिवस तसाच पडून होता. पाचव्या दिवशी बाईंनी हटकलं, तेव्हा तिने बाकावरच पेन उघडलं आणि जीवशास्त्र सोडून चित्रकलेसमोर खूण केली. ना आनंद झाला, ना धाकधूक. आई जाऊन तीन महिने झाले होते आणि तेव्हापासून तिला काही वाटणंच बंद झालं होतं. लोक म्हणायचे, पोरगी खंबीर आहे हो. ती मान डोलवायची.

रविवारी मावशी आली. बाबा पुढच्या खोलीत कवळी घासत बसले होते. दातांच्या कवळ्या बनवणं हाच त्यांचा धंदा. सहीसाठी ठेवलेला फॉर्म मावशीने वाचला आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"हिला चित्र काढताना कधी पाहिलंय कुणी? बेडूक काढायला सांगितला तर बटाटा काढायची ही."

"बटाटा बरा होता," बाबा म्हणाले.

"चेष्टा नको, भावजी. ताई असती तर..." मावशी तिथेच अडखळली.

बाबांनी धाकटीकडे पाहिलं. "का गं घेतलीस?"

"त्या वर्गात कुणी फारसं बोलत नाही."

बाबांनी हात पुसले आणि सही केली. मावशी अर्धा चहा ठेवून निघून गेली.

पहिले काही महिने बाटली, स्टूल, बूट असंच चाललं. धाकटी मुकाट्याने काढत राहायची. मग एके दिवशी सरांनी सांगितलं, घरातल्या एका माणसाचा चेहरा काढा, फोटो न बघता. तिने आईचे केस काढले, कान काढला. पुढे हात चालेना. तासाची घंटा झाली तरी मधला कागद कोराच.

संध्याकाळी ती बाबांना म्हणाली, "मला आईचा चेहरा आठवत नाहीये." दूध संपलंय म्हणावं तशा सुरात.

बाबांनी रद्दीतला एक कागद ओढून घेतला. "वरचे पुढचे दोन दात. डावा जरासा उजव्यावर चढलेला. कितीदा म्हटलं, सरळ करून घेऊ. म्हणायची, माझ्या दाताला हात लावाल तर याद राखा." त्यांनी ते दोन दात काढून दाखवले. तेवढंच त्यांना जमत होतं.

तिने ते आपल्या कागदावर उतरवले. दात आले तसा त्यांवरचा ओठ आला, ओठामागून गालाची घडी. नाक तीनदा खोडलं. डोळ्यांवरून दोघांची जुंपली.

"हसताना ती डोळे मिटायचीच," शेवटी बाबा म्हणाले. तिने डोळे मिटलेले काढले.

बाबा उठून स्वयंपाकघरात गेले. नळ वाहत राहिला. बऱ्याच वेळाने धाकटी आत गेली, नळ बंद केला आणि त्यांच्या शेजारी उभी राहिली. त्यांचे खांदे हलत होते. तिला रडू आलं नाही, पण ती तिथून हललीही नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी चित्र दूर धरून पाहिलं. "तोंडाजवळचा भाग जिवंत आलाय. नाक चुकलंय. कपाळ फार मोठं झालंय."

"हो," ती म्हणाली आणि तिने दुसरा कागद मागितला.