मिशी काढल्यावर

हनुमंतरावांच्या नजरेत मधोमध धुरकट डाग बसला, तेव्हापासनं माणसं त्यांना कडेकडेनं तेवढी दिसत, तोंड गायब. म्हणून त्यांच्या पोरानं, हरिकृष्णानं, चेन्नईहून बोलका चष्मा आणला. माणसाकडं बघायचं, दांडीवरचं बटण दाबायचं, नाव बोलायचं. मग ते तोंड पुन्हा समोर आलं की चष्मा तेच, त्याच आवाजात, कानात सांगतो. आता असलं खेळणं हाती आल्यावर हा म्हातारा सरळ नावं भरील होय? पोराच्या तोंडाला त्यानं भरलं, ‘उपदेश आला.’ बायकोच्या, सुब्बलक्ष्मीच्या तोंडाला, ‘पळा, मालकीण आली.’ ती कॉफीचा पेला घेऊन आली की हनुमंतराव खरंच उठून पळायचं सोंग करीत.

“पळता कुठं? दार कुठल्या अंगाला ते तरी दिसतंय का?” म्हणत ती त्यांना दंडाला धरून बसवी.

मार्गळी महिन्याच्या थंडीत साध्या तापाचं निमित्त होऊन ती गेली.

कावेरीच्या घाटावर न्हाव्यानं हनुमंतरावांची मिशी उतरवली. चष्मा घरात आल्यापासनं ती कधी उतरली नव्हती. घरी येऊन उघडा ओठ चाचपत ते आरशापुढं उभे राहिले, आणि कानात हलकेच तिचा आवाज आला, “मिशी कशाला काढली हो? परक्याचं तोंड वाटतंय.”

त्या दिवसापासनं ते आरशापुढनं हलेनात. जेवणाचं ताट तिथंच मागू लागले. ती तेवढंच बोले, पुन्हा पुन्हा, आणि ते दर वेळी उत्तर देत, “येईल की परत.”

हरिकृष्णानं एकदा चष्मा स्वतःच्या डोळ्यांवर चढवून आरशात बघितलं. कानात बापाचा आवाज आला, ‘उपदेश आला.’ त्याला हसू आलं नाही.

“अप्पा, आईनं गंमत म्हणून भरून ठेवलं असंल. ती काय तुमच्याहून कमी होती?”

“ती असताना मिशी कधी काढली रे मी?”

पोरानं चष्मा काढून त्यांच्या हाती दिला. मग म्हणाला, “उद्या चष्मा दुकानात पाठवतो. सगळी जुनी तोंडं पुसून देतील.”

“तिचंही?”

“तुम्ही असे आरशाशी बोलत बसलेले बघवत नाही, अप्पा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी हरिकृष्ण चष्म्याची पेटी शोधायला माडीवर गेला. घरात दुसरं कुणी नव्हतं. सुब्बलक्ष्मीचा फोटोसुद्धा अजून फ्रेमवाल्याकडंच होता. हनुमंतराव शेवटचं म्हणून आरशापुढं आले. नवी खुंटं फुटलेला ओठ त्यांनी मुद्दाम पुढं केला. कानात काहीच आलं नाही. बराच वेळ काही आलं नाही.

मग त्यांचाच आवाज आला, तो जुना, हसू दाबलेला:

‘पळा, मालकीण आली.’

हनुमंतराव पळाले नाहीत. मागं वळून बघितलंही नाही. आरसा लहान होता. ते थोडे बाजूला सरले, आणि तिला जागा करून दिली.