माझं कातडं कुणी फाडलं

मित्रांनो, किन्हवलीजवळच्या ठाकरपाड्यावर, नामाच्या कुडाच्या घरात खुंटीला टांगलेली जुनी ढोलकी म्हणजे मी. नामाच्या बापाने शिवणीच्या झाडाचं खोड कोरून मला घडवलं, दोन्ही तोंडांना बकऱ्याचं कातडं चढवलं. बाप गेला आणि मी नामाच्या गळ्यात आले.

गौरीच्या नाचात नामा मला वाजवायचा आणि त्याचा जिवाभावाचा मित्र भरत गायचा. पार मुरबाडपर्यंत आमच्या नाचाला बोलावणी येत. नामाची बहीण रविना भरतला द्यायची, हेही ठरलेलं होतं. फार सुखाचे दिवस होते ते!

त्याच नाचात दिनेश होता. पाड्याने नामाला नाचाचा म्होरक्या केलं, तेव्हा सगळ्यात आधी त्यानेच नामाला मिठी मारली. मनात मात्र अढी धरली. उघड खोटं तो बोलत नसे. बांधावर बसून हळूच म्हणायचा, "लोक म्हनतात, नाच भरतमुलंच चालतो. जाऊ दे रे, तू मनाला लावून घेऊ नको."

नामा मनाला लावून घेऊ लागला.

गौरी यायच्या आदल्या दुपारी सगळे शेतावर होते. दिनेश घरात शिरला आणि त्याने ब्लेडने माझं कातडं उभं चिरलं. मला ओरडता आलं नाही, मित्रांनो. संध्याकाळी तोच नामाजवळ बसून हळहळत होता. "घरात कोन आलता, ता मी नाय सांगनार. तुज्या घरचा जावई होनार हाय तो."

नामाने भरतला एका शब्दानेही विचारलं नाही. भर अंगणात त्याला हाकललं, सोयरीक मोडली. रविना आडवी आली, "दादा, त्याला इचार तरी रे!" तिलाही त्याने गप्प केलं. भरत उंबरमाळीला मामाकडे निघून गेला.

पुढच्या वर्षी दिनेशने घरी येऊन नामासमोरच रविनाला मागणी घातली. ती नाही म्हणाली, तसा त्याचा तोल सुटला. "भरतची वाट बघतेस? ढोलकी मीच फाडली!" नामा अंगावर धावला, तर दिनेश हसला. "मी चार शब्द टाकले. मित्राला हाकलला कोनी? मी का तू?"

नामाने मला नवं कातडं चढवलं आणि खांद्यावर टाकून उंबरमाळी गाठली. भरतच्या दारात त्याची बायको तांदूळ पाखडत होती. भरतने बसायला दिलं, चहा दिला.

"राग नाय रे, नामा," तो म्हणाला. "दिनेश माजा कोन? तू माजा होतास. येकदा तरी इचारायचंस."

तेव्हापासून नामाने मला हात लावलेला नाही. रविना त्याला भाकर वाढते, बोलत नाही. लाजेपोटी नामाने पाड्यावर कुणाला काहीच सांगितलं नाही. यंदाचा गौरीचा नाच दिनेशच्या ढोलकीवर झाला.

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली याचं मला दुःख नाही. पण तुमच्या माणसाबद्दल कुणी अर्धंच बोलून गप्प बसला, तर ते मनात कुजवत ठेवू नका. उठा, त्या माणसाच्या दारात जा आणि त्यालाच विचारा.