बिनकुलपाची चरवी

अंगदचा फोन आला तेव्हा सुकन्या चहात बिस्कीट बुडवत होती. फोन संपेपर्यंत बिस्कीट तळाला गेलं, आणि चहा प्यायचं भान तिला राहिलं नाही.

"मॅडम, तुमच्या चरवीत कुणीतरी शिरलंय," अंगद म्हणाला होता. "शिंगणापूरकडच्या एका डेअरीत बायकांच्या दुधाचं फॅट परस्पर बदललं. बातमी आमच्या संचालकांच्या कानावर गेलीय. उद्या मीटिंग आहे."

चरवी हे सुकन्याचं सॉफ्टवेअर. डेअरीवर कुणी किती दूध घातलं, फॅट किती लागलं, भाव काय बसला, हे सगळं ते सांभाळतं. संगमनेरात नाशिक रोडला खताच्या दुकानावर दोन खोल्या आहेत. तिथे बसून तिने आणि तिचा कॉलेजचा मित्र फरदीनने ते तयार केलं आणि फुकट वाटून टाकलं. आतल्या कोडसकट! कुणीही घ्या, कुणीही बदला. 'मग तुम्ही खाता काय?' असं लोक विचारायचे, आणि ते विचारण्यासारखंच होतं. दोघं खात होते सपोर्टच्या करारावर. चरवी फुकट, पण अडल्यावर लगेच फोन उचलणारं माणूस हवं असेल तर वर्षाचा करार करा. फुकट घेणारे गावोगाव होते. करार करणारा मोठा गडी एकच, अंगद ज्याचा मॅनेजर होता तो दूध संघ. त्या एका सहीवर चरवी चालत होती, आणि ती सही आता नव्याने व्हायची होती.

"पण ती डेअरी आपल्या करारात नाही हो," सुकन्या म्हणाली होती.

"नाव तर तुमचंच आहे ना? मीटिंगच्या आत तिथे पासवर्डचं कुलूप लागलं पाहिजे. नाहीतर आमची सही विसरा."

फरदीनने शोधून काढलं तेव्हा तो कपाळावर हात मारून बसला. त्या डेअरीवर पासवर्ड विचारणारं पानच कुणीतरी कोडमधून काढून टाकलं होतं. "इथूनच आत शिरतो आणि पासवर्ड घालतो," तो म्हणाला. "त्यांना पत्तासुद्धा लागणार नाही."

"नको," सुकन्या घाईने म्हणाली. "ते माझं आजोळ आहे. मी जाऊन येते."

गावाचं नाव मी घेत नाही, उगाच त्यांना ताप नको. शिंगणापूरसारखीच तिथेही घरांना दारं नाहीत, कपाटांना कुलपं नाहीत. राखायला शनिदेव. सुकन्याच्या मामाने एकदा नवी मोटरसायकल घेतली आणि तिच्यासाठी खोलीला दार बसवून कडी घातली. आठवड्याच्या आत त्याच मोटरसायकलवरून पडला, तो आजही पाय ओढत चालतो. संगमनेरात ही गोष्ट ती हसत सांगायची. पण गावाकडे जायला घोडेगावला एसटीतून उतरली तेव्हा ते हसू पळालं होतं. सरळ सांगायचं तर इंजिनियर बाई भ्यायली होती. संघालाही भ्यायली होती आणि देवालाही, आणि जास्त कुणाला ते तिलाच सांगता आलं नसतं.

डेअरीची सेक्रेटरी मालनमामी संध्याकाळच्या दुधासाठी मापं धूत होती.

"पासवर्ड व्हय? त्यो आमच्या ज्योतीनं काढला," मामी म्हणाली. ज्योती तिची सून, कॉम्प्युटर शिकलेली. "तूच म्हन्ली हुतीस ना, कुनीबी बदला म्हनून? आन आपल्या गावात कुलूप चालत न्हाई, हे तुला काय नव्यानं सांगायचं?"

"मामी, चोर शिरलाय आत."

"शिरंना का. देव बगून घेईल त्याच्याकडं."

"तोवर माझं सगळं बुडेल!" सुकन्याचा आवाज चिरकला. तिने भडाभडा सांगून टाकलं. संघाचा करार गेला तर चरवीकडे बघणारं कुणी उरणार नाही. मग आज ना उद्या इथलीही बंद पडेल.

मामीचा चेहरा उतरला. तिने पदराला हात पुसले आणि खुर्ची रिकामी केली. "लाव मग. पन तुज्या हातानं. मी न्हाई हात लावनार."

सुकन्या खुर्चीत बसली. पासवर्ड टाइप करून एक बटण दाबायचं, एवढंच काम होतं. मामाचा ओढला जाणारा पाय डोळ्यांपुढून हलेना. बाहेर बायका किटल्या घेऊन आल्या होत्या. कुलपाचं नाव ऐकून त्या पायरीखालीच थबकल्या. म्हातारी झुंबरबाई किटली पदराआड घेऊन म्हणाली, "कुलूप लागलं तर म्या दूध न्हाई घालायची. आमी काय चोर हावोत?"

सुकन्याने हात मागे घेतला.

"मामी, तुम्ही परगावी जाता तेव्हा घर कसं टाकून जाता?"

"शेजारनीला सांगून जातो, लक्ष ठेव म्हनून." मामी बोलता बोलता थांबली. "मग तूच हो की आमची शेजारीन!"

"तेच तर माझं काम आहे, मामी. त्यालाच सपोर्ट म्हणतात."

"मग आमीबी करार करतो. राखनीचं म्हनून दुधाचं एक माप रोज बाजूला काढू. काय गं बायांनो?"

बायांनी माना डोलावल्या, झुंबरबाईनेही. किटल्या पायरी चढून आत आल्या. सुकन्याने लगेच अंगदला फोन लावला. कुलूप नाही, पण राखण आहे. कुणीही आत शिरलं की तिच्या मोबाईलवर घंटी वाजेल, आणि ती त्याला तिथल्या तिथे बाहेर काढील.

"आणि तुमचा डोळा लागला तर?" अंगदने विचारलं.

"जबाबदारी माझी."

"लेखी द्या. मी संचालकांना समजावतो. पण एकदा जरी चुकलं, तरी करार गेला समजा."

घंटीची सोय करूनच ती निघाली, आणि परतीच्या एसटीत तिला जरा हायसं वाटलं. तेवढ्यात मोबाईल वाजला. कुणीतरी आत होतं. झुंबरबाईच्या नावापुढचा फॅटचा आकडा तिच्या डोळ्यांदेखत खाली येत होता. तिने त्याला बाहेर काढलं, आकडा पूर्ववत केला आणि मामीला फोन लावला.

"मामी, कॉम्प्युटरवर तुम्ही होता? की ज्योती?"

"न्हाई गं. आमी तर घरी आलो. मी भाकरी थापतीय, ज्योती भाजी निवडतीय." मामी निवांत हसली. "डेरीकडं आता कशाला बगायचं? तू हायेस न्हवं?"

"आहे, मामी," सुकन्या म्हणाली.

फोन ठेवते तोच घंटी पुन्हा वाजली. तिने पान उघडलं, पण ते अर्ध्यातच अडकलं. रेंज गेली होती. दोन्ही बाजूंना नुसता ऊस होता आणि एसटी भरधाव चालली होती. सुकन्या सीट सोडून उठली, माणसांना ढकलत पुढे धावली आणि कंडक्टरवर ओरडली, "थांबवा! गाडी मागे घ्या! मगाशी रेंज होती, तिथे मला उतरवा!"