दुपारपाळीची खुर्ची

...हरभऱ्याएवढा काळा दाणा, मागे चिमटा, आणि चिमट्यातून निघालेली वायर स्वेटरच्या बटणांशेजारून टेबलावरच्या डबीपर्यंत गेलेली. ती मान खाली घालून त्या दाण्याकडेच बघत राहिली. एवढ्याशा माइकात आवाज मावतो? तिला ठाऊक होता तो टर्बाइनचा आवाज, जमिनीतून तळव्यांत आणि तळव्यांतून दाढांत चढणारा. त्या आवाजात माणसं बोलत नसत, खुणा करत. हनुवटीखाली मूठ म्हणजे साहेब येतोय. कानाची पाळी ओढली की चहा.

"काकू, इकडे बघून बोला," रेकॉर्डिंगला आलेली मुलगी म्हणाली. बंद पडलेल्या वीजकेंद्राचं आता संग्रहालय होणार होतं, तिथं जुन्या कामगारांच्या आठवणी ऐकवणार होते. "गमतीजमती सांगा. अपघातांचं वगैरे नको, असं वरून आलंय."

वरून. हा शब्द तिच्या चांगला ओळखीचा होता.

तिनं गमतीनंच सुरुवात केली. कंट्रोल रूममध्ये ती पहिली बाई. थोरला भाऊ आधीपासून खाली बॉयलरवर होता, आणि तिचा पहिला फोन खाली गेला तेव्हा दादा सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला होता, "घरी हिचेच हुकूम, आता कामावरही हिचेच. मी जाऊ कुठे?"

मुलगी हसली. इथं थांबता आलं असतं—चहा, निरोप, मुलगी खूश, वरचे खूश... पण सकाळी भाजी निवडताना, वेणी घालताना, दार उघडतानासुद्धा तिनं मनाशी एकच घोकलं होतं: आज सांगायचं. त्यांना काय हवंय ते त्यांचं.

"दादा कसा गेला, ते सांगते आता."

मुलीचा हात डबी बंद करायला पुढे गेला आणि तिथंच राहिला.

वाफेचा मुख्य पाइप वळणावर झिजून पातळ झालाय, असं दादा आठवडाभर सांगत होता. तिनं स्वतः ऐकलं होतं, फोनवर, आणि तिनंच ते शिफ्टच्या इंजिनिअरला सांगितलं होतं. इंजिनिअरनं वर विचारलं. वरून आलं, सुट्टीच्या दिवसापर्यंत चालवा, आत्ता मागणी आहे. मग एका दुपारी पॅनलवरचा वाफेच्या दाबाचा काटा पडला—हळूहळू नव्हे, हातातून भांडं पडावं तसा—आणि काय फुटलंय ते तिला कळलं, तिथं कोण उभं आहे तेही कळलं. ती खुर्चीवरून उठली नाही. वाफ बंद करायची होती, खाली आणखी माणसं होती. एकेक व्हॉल्व, एकेक बटण, शिकवलं होतं त्याच क्रमानं. बाकीची माणसं वाचली. दादा वाचला नाही, आणि चौकशीत आलं—कामगाराचा हलगर्जीपणा.

"तो हलगर्जी नव्हता," ती दाण्यापाशी वाकून, सावकाश म्हणाली. "त्यानं सांगितलं होतं. मी साक्षीदार आहे. चौकशीत मला कुणी विचारलं नाही."

मुलीनं पुढे केलेला हात मागे घेतला. मग म्हणाली, "काकू, हे ठेवतील की नाही, मला नाही सांगता येणार."

"तू तुझ्या हातानं पुसू नकोस. एवढंच."

"नाही पुसणार."

आता हलकं वाटेल, असं तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं. हलकं नाही वाटलं. उलट डोळ्यांसमोर आईच आली, दादा गेला त्या संध्याकाळची, उंबऱ्यात उभी, पायांत चपला नाहीत, आणि विचारतेय—तू कुठे होतीस? तेव्हा मी उत्तर दिलं नाही, नंतरही कधी दिलं नाही. आई जाईपर्यंत आम्ही दोघी एका घरात त्या प्रश्नाला वळसा घालून वावरलो, कारण मी तो आरोप समजले... पण आत्ता, या परक्या मुलीसमोर, आईचा तो चेहरा नीट दिसतोय, आणि त्यावर राग नाही. कदाचित तिला एवढंच हवं होतं—शेवटी दादाच्या जवळपास आपलं कुणी होतं का.

होतं, आई. वरच्या मजल्यावर होते मी. वाफ बंद करत होते.

हे तिनं मोठ्यानं म्हटलं की मनात, ते तिला कळलं नाही. मुलगी मात्र थांबून तिच्याकडे बघत होती. तिनं पाठ सरळ केली.

"विचार पुढचं," ती म्हणाली. "अजून पुष्कळ आहे."