पाहुण्यांसाठी राखलेला चिमटा

मी एक जुना चिमटा आहे. जुना केवळ वयाने. अंगावर अजून एकही ओरखडा नाही, आणि त्याचीच मला लाज वाटते.

मित्रांनो, मी स्वयंपाकघरातला नव्हे. कोकंद शहरातल्या एका इस्पितळात पोटाला बारीक छिद्रं पाडून, आत कॅमेरा घालून बायकांचं गर्भाशय काढतात, त्या कामाचा मी. रक्तवाहिनी दातांत धरायची, विजेने तापवून तिचं तोंड बंद करायचं, मगच कात्री चालायची. जन्म दूरच्या कारखान्यातला, पण कामाला लावलं डॉक्टर ओयदिन ओपांनी; ओपा म्हणजे आमच्याकडची ताई. त्यांची रीत ठरलेली. गर्भाशयाला रक्त पोचवणाऱ्या दोन मोठ्या वाहिन्या आधी बंद, बाकी सगळं नंतर. "आधी पाट अडव, मग वाफा खण," असं त्या परिचारिका झमीराला सांगायच्या. पियालीभरसुद्धा रक्त जात नसे. चार दिवसांत बाई घरी जाऊन चुलीपाशी उभी!

कौतुक झालं आणि माझी साडेसाती सुरू झाली. राजधानीहून तपासणीला आलेल्या मंडळींनी मला वाखाणलं आणि मुख्य डॉक्टर तुर्गुन अका, म्हणजे सगळ्यांचे थोरले दादा, हुरळून गेले. आमच्याकडे चांगल्या पियाल्या काचेच्या कपाटात पाहुण्यांसाठी ठेवतात. घरचे टवका उडालेल्या पियालीतून चहा पितात. अकांनी मलाही त्यांच्या खोलीतल्या तशाच कपाटात, सोनेरी काठाच्या पियाल्यांशेजारी मखमलीवर निजवलं.

"अका, तो काय शोभेचा आहे का?" ओपा चिडल्या.

"अगं पोरी, रोज वापरलं की झिजतं. मागशील तेव्हा देईन की! मी काय खातोय त्याला?"

सुरुवातीला कुरकुरत द्यायचे. पुढे किल्ली त्यांच्या कोटातून निघेनाशी झाली.

मग हुरियत आली. तंदुरात नान भाजून दोन लेकी वाढवणारी बाई. गर्भाशयात गाठी, महिनोन्महिने रक्तस्राव. सांडायला अंगात रक्त उरलंच नव्हतं. आदल्या दिवशी ओपा अकांना म्हणाल्या, "हिला तो चिमटा हवाच."

"सकाळी तुझ्या आधी किल्ली हजर!"

सकाळी अका पुतण्याच्या लग्नाच्या पुलावाला गेले. तो पुलाव उजाडतानाच वाढतात, आणि वडीलधारा पंगतीतून हलत नाही. इकडे हुरियतचा रक्तस्राव एवढा वाढला की थांबणं शक्यच नव्हतं. ओपांनी झिजलेला दुसरा चिमटा घेतला. त्याने वाहिनी धरली, पण ती नीट बंद झाली नाही, आणि सुटली.

झमीरा धावत अकांच्या खोलीत आली. फोन कानाला.

"अका, रक्त थांबत नाहीये! किल्ली पाठवा!"

पलीकडे कर्णे वाजत होते. "आलोच गं. दुवा होऊ दे, मधेच उठलो तर लोक तोंडात शेण घालतील."

"मग काच फोडते!"

"खबरदार! पाहुण्यांच्या पियाल्या आहेत त्यात. नोकरी जड झालीय का?"

झमीराने स्टूल उचललं. फोड, बाई, फोड, मी आतून आक्रोश करत होतो. लोखंडाचं कोण ऐकतं? मग तिने ते परत खाली ठेवलं. तिच्यावर मी रागावलो नाही. तिच्याही घरी पोरं होती.

ओपांनी पोट उघडलं, हाताने वाहिनी दाबली, बाहेरून आणलेलं रक्त चढवलं. हुरियत वाचली नाही.

अका आले, खोलीत बसून ढसाढसा रडले. रडणं खरं होतं. पण जाताना त्यांनी कपाटाचं कुलूप ओढून पाहिलं.

वसंतात तपासणीची मंडळी पुन्हा आली. "वा! काय जपलंय! अगदी नवाकोरा!"

"हो," मागे उभ्या ओपा म्हणाल्या, "बायकांपेक्षा जास्त जपतो आम्ही त्याला."

अकांनी चहा मागवला.

मित्रांनो, वस्तू जपा, असं तुम्हाला सगळेच शिकवतील. मी सांगतो, मला झिजवा, मोडेपर्यंत राबवा. चिमटा दुसरा येतो. आणि किल्ली कुणा मोठ्या माणसाच्या खिशात असेल, तर त्याची दुवा संपायची वाट पाहू नका. काच फोडा.