दोन मजले खाली

वॉशिंग मशीनने तीनदा टुं-टुं केलं आणि ते गप्प झालं. तेवढ्यानेच श्रुतिका दचकली, घर इतकं शांत होतं. बुधवार, सकाळचे साडेअकरा. नवरा प्रीतम विमानतळावर ड्यूटीला, साडेचार वर्षांची अबोली दोन मजले खाली दिपाताईंकडे, आणि ही चौथ्या मजल्यावर जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून एकटी.

कपडे वाळत घालायला ती खिडकीशी गेली तर खालून हसू आलं. अबोलीचं. पोटातून येतं तसलं, शेवटी उचकी लागणारं. ओला टॉवेल हातात धरून ती तशीच उभी राहिली. आपल्यासमोर ही अशी शेवटची कधी हसली होती, ते काही केल्या तिला आठवेना.

दिंडोशीच्या त्या इमारतीत कुणाला विचाराल तर सांगेल, श्रुतिकाचं नशीब थोर. दिपाताईंसारखी बाई मिळायला भाग्य लागतं. अबोली नऊ महिन्यांची असल्यापासून त्या तिला सांभाळत होत्या. माहेर वर्सोव्याच्या कोळीवाड्यातलं, त्यामुळे मांदेलीचा काटा असा काढतील की पोरीच्या जिभेला कळू नये. श्रुतिकाने तेच मासे, तोच मसाला घालून रविवारी केले की अबोली ताट सरकवायची. "तुझे टोचतात." बस्, एवढंच. श्रुतिका हसायची आणि मग ओट्याशी जाऊन उगाच भांडी जोरात घासायची.

एकच गोष्ट मात्र तिची तिची होती. संध्याकाळी ती अबोलीला घ्यायला गेली की पोरगी जिन्यातच गळ्यात पडायची आणि कानाशी म्हणायची, "मी आईची." तेवढ्या दोन शब्दांवर श्रुतिका दुसरा दिवस काढायची.

अंधेरीच्या ऑफिसात सगळे कम्प्युटर तिच्या हाताखाली होते. कुणी पासवर्ड विसरलं, कुणाचा लॅपटॉप चोरीला गेला, कुणी नोकरी सोडली, सगळं तिच्याकडे. ती कडक होती. स्वतःच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर तिने मरून रंगाची टिकली चिकटवली होती; सगळे हसायचे, पण दोघीतिघींनी गुपचूप आपल्याही लावल्या होत्या.

त्याच दिवशी सकाळी सेल्सच्या सिद्धेशचा फोन आला होता.

"श्रुतिका, ती मंजुळा सोडून गेली ना? तिचा मेल जरा उघडून दे. एक कोटेशन सापडत नाहीये."

"लेखी दे. एचआरची सही आण."

"अगं यार, पाच मिनिटांचं काम! तुला तर सगळं दिसतं ना तिथून?"

"दिसतं म्हणून बघायचं नसतं, सिद्धेश."

"तू ना, कोर्टात असायला पाहिजे होतीस," असं म्हणून त्याने फोन ठेवला, आणि श्रुतिकाला स्वतःचं जरा कौतुक वाटलं होतं.

आता खिडकीशी उभी असताना टेबलावर फोन टिंग वाजला. तिला बघायच्या आधीच माहीत होतं काय आहे ते.

गोष्ट अशी होती. वर्षभरापूर्वी ऑफिसने जुने टॅब कर्मचाऱ्यांना विकले, त्यातला एक तिने अबोलीच्या गाण्या-गोष्टींसाठी घेतला आणि दिपाताईंकडे ठेवला. घाईत त्यात स्वतःचंच खातं घातलं. दिपाताईंच्या मोबाइलचा कॅमेरा धुरकट, म्हणून त्या टॅबवरच फोटो काढायच्या, आणि काढलेला प्रत्येक फोटो आपोआप श्रुतिकाच्या फोनमध्येही येऊन पडायचा. दिपाताईंना याची कल्पना नव्हती. पहिल्या आठवड्यात सांगायचं राहिलं. दुसऱ्या आठवड्यात तिने सांगितलं नाही.

मग ती रोज बघू लागली. मीटिंगमध्ये, कॅन्टीनच्या रांगेत, बाथरूममध्ये. अबोली पीठ मळतेय. अबोली दिपाताईंच्या चपला घालून चालतेय. मधेच दिपाताईंचं स्वतःचं काहीबाही: नव्या साडीतला आरशातला फोटो, बहिणीला दाखवायला काढलेला गुडघ्याचा एक्स-रे. त्या फोटोंवर बोट थांबवू नये हे श्रुतिकाला कळायचं. बोट थांबायचं. आणि याच दिपाताई एकदा गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या होत्या, "काल मी यांना म्हटलं मिक्सर बिघडला, आज मोबाइलवर मिक्सरच मिक्सर! ऐकतात गं कोणतरी आपलं." तेव्हा श्रुतिकाने त्यांची समजूत काढली होती, "नाही हो ताई, इतका वेळ कुणाला आहे?"

आत्ता आला होता तो व्हिडिओ. अबोली दिपाताईंच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये बसलेली, डोक्याला तेल, एक वेणी झालेली, एक व्हायची. घरी फणी दिसली तरी आकांत करणारी पोरगी डोळे मिटून, मांजरासारखी. टॅब समोर कशालातरी टेकवलेला. दिपाताईंचा आवाज: "कोणाची गं तू?"

"तुझी!"

"कोणाची?"

"दिपामावशीची!" आणि तेच हसू, शेवटी उचकी लागणारं.

श्रुतिकाने तो तीनदा बघितला. चौथ्यांदा बघता बघता तिचा दुसरा हात लॅपटॉपवर गेला.

टॅब विकला गेला तरी ऑफिसच्या यादीतून काढायचं काम तिचंच होतं आणि ते तिने केलं नव्हतं. यादी उघडली. दोनशे बारा नावांत तो एक. समोर कुलपाचं चित्र. चोरीला गेलेल्या लॅपटॉपसाठी असतं ते. तिने ते दाबलं, 'नक्की का?' असं विचारल्यावर 'होय' दाबलं, आणि छातीत काहीतरी गार झालं. घ्या, म्हणाली मनात. काढा आता व्हिडिओ.

खालचं हसू थांबलं.

दोन मिनिटंही झाली नसतील, लॅपटॉपवर ऑफिसच्या मदत केंद्राचा फोन वाजला. बुधवारी ते फोन तिच्याकडेच वळवलेले असत. सवयीने तिने उचलला, सवयीच्याच गोड, परक्या आवाजात म्हणाली, "नमस्कार, आयटी मदत केंद्र. बोला."

"हॅलो, मॅडम?" पलीकडचा आवाज थरथरत होता. "मॅडम, आमच्या टॅबवर कुलूप आलंय. खाली लिहिलंय, हा टॅब कंपनीच्या मालकीचा आहे, ताबडतोब या नंबरवर कळवा. मॅडम, आम्ही चोरलेला नाय हो. वरच्या बाईंनी दिलाय, पोरीसाठी. त्या तुमच्याकडंच कामाला आहेत, विचारा पाहिजे तर..."

तो मजकूर श्रुतिकानेच दोन वर्षांपूर्वी लिहिला होता. चोराला धडकी भरावी म्हणून मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत. नंबर आपोआप यायचा. कुलूप घालताना हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं, कारण ते कुलूप समोर बसून वाचणारं कुणी आपल्या ओळखीचं असेल, असं आजवर कधी झालंच नव्हतं.

"मॅडम? पोलिसांत नाव तर नाय ना गेलं?"

श्रुतिका तो परका आवाज विसरली. तिच्या तोंडून निघालं: "नाही, नाही, तुम्ही घाबरू नका..."

पलीकडून, फोनच्या अगदी जवळून, दुसरा आवाज आला. "ए, ही तर आई आहे!"

ती चप्पल न घालताच जिना उतरली. दिपाताईंचं दार उघडंच होतं. टॅब टीपॉयवर पालथा घातलेला, जणू तो चावेल. अबोली एका वेणीने आणि अर्ध्या मोकळ्या केसांनी तशीच बसलेली. दिपाताईंच्या तेलकट हातात अजून मोबाइल होता.

"तुला घरीच लागला का गं फोन?" त्यांनी विचारलं. "मला तर धडधडायला लागलं. म्हटलं चोरीचा माल निघाला की काय."

"ताई, मीच बंद केला."

"तू? का?"

काहीतरी तांत्रिक सांगता आलं असतं. अपडेट, व्हायरस, काहीही. या घरात तिच्या शब्दावर कुणी शंका घेतली नसती. पण अबोली बघत होती.

"व्हिडिओ बघितला मी. आत्ताचा."

"आत्ताचा? मी तर कोणाला पाठवला नाय." दिपाताई बोलता बोलता थांबल्या. त्यांनी टॅबकडे बघितलं, मग श्रुतिकाकडे. "म्हणजे सगळेच येतात तुझ्याकडं? माझे पण?"

श्रुतिकाने मान हलवली.

"म्हणून परवा गुडघ्याला तेल आणलंस." दिपाताईंनी हळूहळू पदराला हात पुसले. "मी ह्यांना म्हटलं, पोरीनं सांगितलं असेल, बघा किती माया आहे बाईला."

"ताई, चुकलं माझं. खरंच. मला फक्त ही दिसावी म्हणून..."

"दिसावी म्हणून कुलूप घातलंस?"

जिन्यातून कुणीतरी भाजीची पिशवी घासत वर गेलं. दिपाताईंचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"अगं, 'कोणाची तू' हे लहान पोराला कोण विचारत नाय? मी रोज विचारते. रोज ती हेच सांगते. आणि रोज सहा वाजता, तू यायच्या आधी, मीच तिला शिकवून दारात उभी करते. आई आली की काय म्हणायचं? मी आईची. दमून येते बिचारी, म्हणून."

बोलून झालं आणि त्यांनीच ओठ आवळले. सांगायचं नव्हतं ते निसटलं होतं. श्रुतिकाने भिंतीला हात टेकला.

दिपाताईंनी टॅब उचलून तिच्या हातात दिला. "हा वर ने. पोरीला उद्या पाठव, मी नको म्हणत नाय, तिचा काय दोष? पण मला बघायचं असेल तर दार वाजवून ये. हे दार काय तुला बंद होतं?" आणि त्या हात धुवायला आत गेल्या. नळ बराच वेळ वाहत राहिला.

अबोली उठली. फणी हातात घेऊन आईजवळ आली आणि तिच्या अनवाणी पायांकडे बघत राहिली.

"आई, तू ऑफिसमध्ये नव्हतीस?"

"नाही, राणी. आज घरातून काम."

"वरच होतीस?"

"हो."

"आणि तुला मी दिसत होते?"

"हो गं."

अबोलीने खूप विचार केला. अर्धी मोकळी बट तिच्या डोळ्यांवर आली होती. श्रुतिकाचा हात पुढे झाला आणि मधेच थांबला.

"मग आई, तू खाली का नाही आलीस?"